दहा मिनिटांचं काम

मी जेट. मोटारीच्या कार्बुरेटरमध्ये बसणारा पितळेचा तुकडा. तुरीच्या दाण्याहून थोडा मोठा. माझ्या पोटात आरपार एक भोक आहे. इंजिन जेवढं पेट्रोल पितं तेवढं सगळं त्या भोकातून जातं. भोक मोठं तर इंजिन जास्त पितं, बारीक तर कमी. माझं काम एवढंच. ते मी कधी चुकवलं नाही.

मला फार बोलायची सवय नाही. पण जे झालं ते मी सोडून कुणी नीट सांगणार नाही. सगळ्यांनी आपापला भाग गाळला.

मी परदेशात यंत्रावर घडलो. माझ्यासारखे हजार एका दिवसात पडत होते. अंगावर नंबर ठोकला आणि डब्यात भरलं. पुण्यात एका साहेबाच्या मोटारीत आठ वर्षं काढली. साहेब आठवड्यातून दोनदा फिरायला जायचा. पुढे तो मायदेशी गेला आणि मोटार विकली गेली. तिची पाठ कापून लाकडी बाकं बसवली, वर फळ्यांचा टप करून ताडपत्री घातली, आणि ती वेल्हे ते नसरापूर सर्व्हिस मोटार झाली. कधी पुढे पुण्यापर्यंत जायची. माणसं, कोंबड्या, तांदळाची पोती, सगळं एकत्र.

मालक चिमाजी. नसरापूरचा. जाड माणूस, आवाज बारीक. ड्रायव्हर रायबा, राजगडाखालच्या गुंजवण्याचा. आणि मोटार दुरुस्त करणारा कोंडिबा मिस्त्री. त्याची शेड नसरापुरात मोटार थांबायची तिथेच होती. बाप लोहार, आजा लोहार. हा नांगराच्या फाळावरून मोटारीवर आला. अक्षर येत नव्हतं. पण इंजिनाचा आवाज ऐकून रोग सांगायचा.

मोठी लढाई सुरू झाली आणि पेट्रोल चिठ्ठीवर मिळू लागलं. बऱ्याच मोटारी उभ्या राहिल्या. काहींनी पाठीमागे कोळशाची भट्टी बसवली. अशा दिवसांत चिमाजीने कुठून तरी विमानाचं पेट्रोल मिळवलं. पत्र्याच्या डब्यांत, हिरवट रंगाचं. कुठून, ते कुणी विचारलं नाही.

कोंडिबाने झाकण काढून वास घेतला. बोटावर घेऊन वाळवून पाहिलं.

"हे आपल्या मोटारीला घालायचं म्हंजी म्हशीच्या दुधात गुऱ्हाळाची काकवी," तो म्हणाला. "इंजिन हाय तसंच ठिवलं तर वाया जाईल. त्येच्या जोगं कराय लागंल."

"मंग करा की," चिमाजी म्हणाला. "जोर वाढंल का?"

"कात्रजचा घाट दुसऱ्या गिअरात चढंल."

त्याने इंजिनाचं डोकं उतरवून काचेवर घासलं आणि थोडं खाली बसवलं. म्हणजे आत दाब वाढतो. ठिणगी थोडी आधी पडेल असं केलं. साध्या पेट्रोलवर असं केलं तर इंजिन आतून हातोडे मारल्यासारखं वाजतं. या पेट्रोलवर वाजत नाही. मग त्याने धुराच्या नळीवरचा सायलेन्सरचा डबा काढून फेकला आणि रुंद, सरळ पाईप जोडला. धूर मोकळा निघाला की इंजिनाचा श्वासही मोकळा होतो.

"छाती मोठी झाली," तो रायबाला म्हणाला. "आता जेवण बी वाढवाय पायजे. न्हाईतर जळंल."

जेवण म्हणजे मी.

त्याने मला बाहेर काढलं. गोधडीच्या सुईला धार लावून, पाणी देऊन एक हत्यार केलं होतं. त्याने माझं भोक घासलं. अगदी थोडं. मला बसवलं, मोटार चढावर पळवली, इंजिन एकदम बंद केलं आणि प्लग काढून पाहिला. प्लग पांढरा पडला तर इंजिन उपाशी. काळा पडला तर अधाशी. पहिल्या दिवशी पांढरा. दुसऱ्या दिवशीही पांढरा. तिसऱ्या दिवशी प्लग निघाला तो भाजलेल्या नाचणीच्या रंगाचा.

कोंडिबाने तो प्लग रायबाच्या तळहातावर ठेवला. "बघून ठेव. ह्यो रंग माझा. ह्येला कुणी हात लावायचा न्हाई. तू तर न्हाईच."

"मी कशाला लावतोय?"

"ड्रायव्हर जात लई वाईट. चाक हातात आलं की त्याला वाटतं इंजिन बी आपलंच."

मोटार पळाली. तिचा आवाज एवढा झाला की बैल बुजायचे. वाटेवरच्या मार्गासनी गावच्या बाया म्हणायच्या, मोटार आली का पलटण. पण घाट ती खरोखर दुसऱ्या गिअरात चढली. मी पूर्ण मापाने देत होतो आणि इंजिन घेत होतं. माझ्या आयुष्यातले ते दोन महिने चांगले गेले.

चिमाजीला जोर हवा होता, पण त्यासाठी पेट्रोल जास्त लागतं हे मान्य नव्हतं.

"डबा चार दिसांत संपतोय," तो एक दिवस रायबाला म्हणाला. "आधी आठवडा जायचा. ते भोक बारीक कर."

"मिस्त्रीनं बसवलंय, मालक. त्यास्नी इचारून..."

"मोटार माझी हाय का मिस्त्रीची? तू त्याचा गडी हायस का बायको? जमत नसंल तर सांग. वेल्ह्यात चार ड्रायव्हर भाकरी शोधत बसल्यात."

रायबाची बायको भामाबाई तेव्हा गरोदर होती. पहिली दोन मुलं गेली होती. नोकरी गमवायची त्याची तयारी नव्हती. त्याने मोटारीतल्या पिशवीतला पाना घेतला, मला काढलं, भोकात वितळलेलं कथील सोडलं आणि ते घट्ट झाल्यावर मधून बारीक सुई आरपार घातली. मी साहेबाच्या मोटारीत होतो तेव्हाहूनही अरुंद झालो.

मला राग आला नाही. मला राग येत नाही. पण मला हिशेब कळत होता. छाती मोठी आणि घास लहान. त्या दिवसापासून इंजिन शिंकू लागलं. आतली आग उलटी माझ्याकडे यायची आणि फट्ट असा आवाज व्हायचा. पाईप लाल व्हायचा. रायबाला ते दिसत होतं. त्याने मिस्त्रीला सांगितलं नाही. चिमाजीचा डबा आठवडाभर पुरू लागला.

नवरात्र आलं. अष्टमीच्या दुपारी कोंडिबाने सगळी हत्यारं राखेने घासली. मोटारीतली पान्यांची पिशवीही रायबाने त्याच्याकडे आणून दिली. दर वर्षी तसंच व्हायचं. खंडेनवमीला सगळं लोखंड एका पांढऱ्या धडप्यावर बसायचं. हळद, कुंकू, झेंडू. एकदा बसलं की दसऱ्याचं सीमोल्लंघन होईपर्यंत त्याला हात नाही. मोटारीची पूजा दुसऱ्या दिवशी, म्हणून मोटार तेवढी मोकळी.

नवमीला सकाळी रायबा वेल्ह्याहून मोटार घेऊन निघाला. मार्गासनीच्या फाट्यावर त्याची आई साळूबाई उभी होती. शेजारी गुंजवण्याचे चार गडी, आणि त्यांच्यामध्ये झोळी. झोळीत भामाबाई.

"काल दुपारपासनं कळा येत्यात," साळूबाई म्हणाली. "मूल आडवं हाय. सुईण म्हंती, माझं काम न्हाई, पुण्याच्या दवाखान्यात न्या."

त्यांनी तिला मागच्या बाकावर निजवलं. रायबाने मोटार हाकली. नसरापूर येईपर्यंत इंजिन नऊ वेळा शिंकलं. प्रत्येक हिसक्याला भामाबाई दात आवळायची.

कोंडिबा शेडच्या दारात उभा होता. अंघोळ झालेली, कपाळाला गंध. मोटार थांबायच्या आधीच त्याने ओळखलं.

"शिंकतीय. कधीपासनं?"

"दोन हप्तं झालं."

"दोन हप्तं. आणि मला आज सांगतोस." तो वाकला आणि पाईपवर थुंकला. थुंकी चर्र करून उडाली. "उपाशी हाय ही. जेटला कुणी हात लावला?"

"न्हाई," रायबा म्हणाला.

"मंग काय न्हाई. म्या लावल्यालं हाय, ते चुकत न्हाई. कचरा असंल. जाईल पुण्याला."

तो आत वळला. रायबा त्याच्या मागे गेला.

"मिस्त्री, म्या कथील भरलं त्यात."

कोंडिबा थांबला. पाठमोराच. "कुणाच्या सांगण्यावरनं?"

रायबाने बाहेर पाहिलं. चिमाजी तिथेच होता. दसऱ्यासाठी पुण्याला पाठवायची झेंडूची पोती बांधत होता. त्याने मान वर केली नाही.

"तीन दिस घासून बसवलेलं माप," कोंडिबा म्हणाला. "आन् तू कथील भरलंस. वर मला तोंडावर न्हाई म्हणालास."

"चुकलो. पाया पडतो. भामा मोटारीत हाय, मूल आडवं आलंय. ह्या बारक्या भोकानं मोटार घाट चढायची न्हाई. तुमी जेट मोकळं करा. दहा मिन्टांचं काम हाय."

"दहा मिन्टांचंच हाय. पण आज न्हाई. हत्यारं बसल्यात."

"भामा उद्यापत्तर ऱ्हाईल का?"

"ते म्या काय सांगू? माझा बाप नवमीला गेला. तिरडीला बांबू पायजे होता. म्या कोयता उचलला न्हाई. हातांनी मोडला बांबू. हे बघ." त्याने तळहात दाखवला. जुना, पांढरा पडलेला वण. "बापासाठी उचलला न्हाई. तुझ्यासाठी उचलू?"

"मंग मला घिऊ द्या. त्यात माझी पिशवी हाय."

"घे की. म्या कुठं तुझा हात धरलाय? कथील तू भरलंस, तूच काढ. देवीच्या म्होरं तुझं तू बघ."

रायबा आत गेला. धडप्यावर लोखंड मांडलेलं होतं. हातोडा, ऐरण, सांडशी, मग पाने, मोठ्यापासून लहानापर्यंत. त्याचा पाना कडेला होता. त्यावर झेंडूचं एक फूल. तो वाकला. हात पुढे केला.

"रायबा." साळूबाई दारात आली होती. "हात लावू नगं. बसल्यालं लोखंड उठवलं की ते रगत मागतं. तिच्या पोटात पोर हाय. माझ्या नातवाचं रगत देनार हायेस का?"

हात थांबला.

तेव्हा मोटारीतून भामाबाई बोलली. आवाज घोगरा, पण शब्द स्पष्ट. "अवं, घ्या तो पाना. मला काय बी हुत न्हाई. घ्या आन् चला."

मग साळूबाई म्हणाली, "कळा देणारीचं बोलणं मनावर घिऊ नगं. ती शुद्धीत नसती."

ती शुद्धीत होती. त्या शेडजवळ तेवढी एकटीच.

रायबाने हात मागे घेतला. भीती त्यालाही होती. हे मी त्याच्या बाजूने सांगतो.

चिमाजी पुढे आला. "पुण्याला जायाचंच हाय तर पोती बी जाऊ दे. फुलं आज गेली तरच फुलं. उद्या दुपारनंतर शेण." त्याने अकरा पोती चढवली. भामाबाईच्या बाकाखाली, पायाशी, टपावर. स्वतः रायबाच्या शेजारी बसला. कोंडिबा शेडच्या दारातून बघत राहिला. निघताना तो एवढंच म्हणाला, "हळू ने. पाईप लाल झाला की थांब."

शिवापूरपर्यंत रस्ता सपाट. तिथवर निभलं. मग घाट लागला.

कार्बुरेटरमधलं माझ्यासमोरचं पेट्रोलचं भांडं काठोकाठ भरलेलं होतं. चांगलं पेट्रोल, विमानाचं. इंजिन मागत होतं. माझ्यातून जात होतं ते सुईच्या धारेएवढं. कमी पेट्रोलची आग जास्त कडक असते, हे माणसांना उलटं वाटतं. आत सगळं पांढरं होऊ लागलं. पहिल्या वळणावर पाईप लाल झाला. रायबाने थांबवली. पाण्याच्या डब्यात होतं तेवढं पाणी रेडिएटरमध्ये ओतलं आणि पुन्हा निघाला. थांबून राहायला वेळ नव्हता. न थांबता जायला इंजिन नव्हतं.

घाटमाथ्याच्या बोगद्याच्या खाली दोन वळणं राहिली तेव्हा टकटक सुरू झाली. मग एक जाड आवाज झाला. तिसऱ्या सिलिंडरचा दट्ट्या, म्हणजे पिस्टन, वितळून त्याला भोक पडलं. रुपयाएवढं. इंजिन गेलं.

रायबा उतरला, टोपण उघडलं आणि मला बोटांनी फिरवायला लागला. आता माझा काही उपयोग नव्हता, पण त्याला ते सुचलं. मी घट्ट बसलेलो. नखांनी मी निघत नाही. तापलेल्या पितळेने त्याच्या बोटांची कातडी निघाली. त्याने दगड घेतला आणि ठोकलं. माझ्या कडेला अजून ती खूण आहे.

चिमाजी खाली उतरून आधी पोती मोजून आला.

त्यांनी तीन पोती काढून रस्त्याकडेच्या सावलीत टाकली आणि भामाबाईला त्यांवर निजवलं. ऊन वाढत होतं. एक बैलगाडी खाली जात होती. गाडीवान म्हणाला, चढावर हे बैल पुण्यापर्यंत संध्याकाळपत्तर बी जायाचं न्हाईत. तो गेला.

भामाबाईने पाणी मागितलं. डबा रिकामा होता. साळूबाई डबा घेऊन ओढ्याकडे उतरली. रायबा बायकोचं डोकं मांडीवर घेऊन बसला.

"घेतला असता तर," भामाबाई म्हणाली.

"काय?"

"पाना."

ती पुढे बोलली नाही. साळूबाई पाणी घेऊन वर आली तेव्हा ते कुणाला नको होतं. मूल बाहेर आलंच नाही.

थोड्या वेळाने नसरापूरच्या बाजूने एक लॉरी आली. चिमाजीने ती थांबवली. लॉरीवाल्याने मेलेलं न्यायला नकार दिला. फुलं न्यायला तो तयार होता. दोघांनी टपावरची पोती काढली, मग बाकाखालची. शेवटी तिच्याखालची तीन राहिली. चिमाजीने टोपी काढली, पुन्हा घातली.

"रायबा," तो म्हणाला, "लॉरी थांबत न्हाई."

रायबाने तिला दोन्ही हातांवर उचललं. पोती गेली.

दसरा झाला. एकादशीला बैलांनी मोटार ओढत नसरापुरात आणली. कोंडिबाची हत्यारं उठली होती. पान्यांवर अजून हळद होती. रायबा सुतकात, म्हणून शेडच्या बाहेर खांबाला टेकून उभा राहिला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. कुणी जा म्हटलं नाही.

कोंडिबाने पाना घेतला आणि एका फिरक्यात मला सोडवलं. उजेडात धरलं. आत कथील चमकत होतं. त्याने सुईचं हत्यार घेतलं, घासलं, फुंकलं, पुन्हा घासलं. कथिलाचा भुगा त्याच्या मांडीवर पडला. त्याने मला पेट्रोलात बुडवलं आणि डोळ्याला लावून पाहिलं.

"झालं?" रायबाने बाहेरून विचारलं.

"झालं."

"एवढंच?"

कोंडिबाने मला पुसलं. बराच वेळ पुसत राहिला.

"एवढंच," तो म्हणाला.

रायबा गुंजवण्याला गेला आणि पुन्हा कधी चाकाला बसला नाही. चिमाजीने नवा दट्ट्या घातला, नवा ड्रायव्हर ठेवला. हिरवं पेट्रोल पुढे मिळेनासं झालं. लढाई संपली. मोटारीचं भंगार झालं तेव्हा कोंडिबाने मला तेवढं काढून घेतलं. आता मी त्याच्या शेडमध्ये, एका पत्र्याच्या डबीत असतो. वर्षातून एकदा तो मला बाहेर काढतो आणि नवमीला पान्यांच्या शेजारी मांडतो. माझ्यावरही कुंकू पडतं. का, ते त्याने कुणाला सांगितलेलं नाही. तो म्हातारा झाला आहे. पूजा अजून तशीच करतो, आणि मांडून झाल्यावर दिवसभर दाराकडे बघत बसतो. नवमीला मोटारवाले त्याच्या दारात येत नाहीत. आले असते तर त्याने काय केलं असतं, ते मला सांगता येणार नाही.

मला एवढंच सांगायचं आहे. मी त्या धडप्यावर बसलो आहे. हातोड्याशेजारी, सांडशीशेजारी, रायबाने न उचललेल्या पान्याशेजारी. वर्षामागून वर्षं. आम्ही कधी रक्त मागितलं नाही. पाणीही मागितलं नाही. फुलं घाला, कुंकू लावा, तुमची इच्छा. पण दारात माणूस उभं असेल तर आम्हाला उचला. आम्हाला राग येत नाही. आम्हाला काहीच वाटत नाही.